तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला हॅम रेडिओ अमेरिकेतून मागवू का?

‘भाऊ दिवाळीला अमेरिकेतून येतोय, त्याला सेट आणायला सांगू का?’ हॅम रेडिओच्या, म्हणजे हौसेखातर वायरलेसवर बोलण्याच्या, परवाना परीक्षेच्या तयारीला लागलेले बरेच जण मला हे विचारतात. माझं उत्तर ठाम आहे: नका मागवू. आधी परवाना हातात येऊ द्या, परवान्याशिवाय ट्रान्समीटर जवळ बाळगणं कायद्यात बसत नाही. आणि मग तुमच्या गावातले हॅम जो सेट वापरतात, तोच इथे घ्या.

रेडिओच्या हिशेबात जगाचे तीन विभाग आहेत. अमेरिका दुसऱ्यात, आपण तिसऱ्यात. दोन मीटरचा बँड, म्हणजे हॅमना दिलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा, तिकडे १४४ ते १४८ मेगाहर्ट्झ, आपल्याकडे तो १४६ ला संपतो. सत्तर सेंटिमीटरला तिकडे ४२० ते ४५०, आपल्याला फक्त ४३४ ते ४३८. तिकडचा सेट या हद्दीबाहेरही बिनदिक्कत ट्रान्समिट करतो, आणि जाब परवानाधारकाला द्यावा लागतो.

मॉडेलच्या नावातलं शेवटचं अक्षर नीट बघा. याएसू कंपनीचा एफटी-६५ आर अमेरिकेसाठी, एफटी-६५ ई युरोपसाठी. आयकॉमच्या आयडी-५२ मध्ये तेच काम ए आणि ई करतात. दिसायला सेट सारखेच, पण आतल्या सेटिंग्ज वेगळ्या. अमेरिकी मॉडेलवर १४५.२०० लावा. रिपीटर म्हणजे आपला आवाज एका फ्रिक्वेन्सीवर घेऊन दुसरीवर पुढे पाठवणारं केंद्र; त्यासाठी बोलण्याची फ्रिक्वेन्सी आपोआप सरकवणारं ऑटो शिफ्ट चालू असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात बारीकशी वजाची खूण येते. पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबलं की आकडा १४४.६०० होतो. समोरचा मित्र १४५.२०० वरच ऐकत बसलेला असतो, त्याला काहीच येत नाही, आणि नवशिक्याला वाटतं अँटेना बिघडली. मेनूत ते बंद करता येतं, पण आधी ते ठाऊक तर हवं!

चार्जरवर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नका. जीएमआरएस (अमेरिकेतली वेगळी रेडिओ सेवा) लिहिलेला वॉकीटॉकी तर हॅम सेटच नव्हे, तो ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतो. आणि ‘सगळे बँड ओपन केलेत’, म्हणजे हद्दीबाहेरही ट्रान्समिट होईल असा केलाय, म्हणून कुणी जुना सेट विकत असेल, तर तो मुळीच घेऊ नका.

सुरुवातीला पाच वॉटची साधी ड्युअल बँड हँडी, म्हणजे या दोन्ही बँडवर चालणारा हातातला सेट, पुरते. आपल्या हद्दीत राहून काही हुकतं असंही नाही. अंतराळ स्थानकावरचा रिपीटर चालू असला की १४५.९९० वर बोलायचं, ६७ हर्ट्झचा टोन (रिपीटर उघडणारा खोल सूर) लावून, आणि ४३७.८०० वर ऐकायचं. दोन्ही आपल्याच बँडमध्ये. स्थानकाच्या वेगामुळे ऐकू येणारी फ्रिक्वेन्सी थोडी सरकते, म्हणून ते जवळ येताना ४३७.८१० पासून सुरुवात करा आणि ते दूर जाईल तसं पाच-पाच किलोहर्ट्झनी खाली या.