समुद्र, दहा सेंटिमीटरखाली

जानेवारीतली सकाळ. घड्याळात अकरा वाजून गेले होते आणि सूर्य नुकता कुठे झाडांच्या शेंड्यांपर्यंत आला होता. लुलेओच्या दक्षिण बंदरात, धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर मी उभी होते. ऑगस्टमध्ये मी इथे आले तेव्हा याच पायरीवर लाटा थपथपत होत्या. आता तिथून पुढे एक बाई बाबागाडी ढकलत सरळ समुद्रात निघाली होती. मागे तिचा कुत्रा, त्याच्या मागे दोन आजोबा गप्पा मारत. माझा पाय मात्र पायरीवरून उचलत नव्हता.

लुलेओ हे स्वीडनच्या उत्तर टोकाकडचं गाव, आर्क्टिक वृत्ताच्या खाली साधारण शंभर किलोमीटरवर. इथल्या तंत्रज्ञान विद्यापीठात मी पदव्युत्तर शिक्षणासाठी आले. डिसेंबरात दिवस जेमतेम तीन तासांचा होतो आणि ते तीन तास नेमके वर्गात जातात. पहिल्या डिसेंबरात मी फार कोमेजले होते. दिवसभर झोप यायची आणि रात्री डोळा लागायचा नाही. प्रयोगशाळेतल्या एका स्वीडिश मैत्रिणीने ते ओळखलं. "जेवढा उजेड आहे तेवढा बाहेर जाऊन घे, रोज घे," एवढंच ती म्हणाली, आणि सुट्टी संपल्यावर मला बंदरावर घेऊन आली.

समुद्र गोठतो कसा, हा प्रश्न मला पडलाच होता. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या बोथनियाच्या आखाताच्या या उत्तरेकडच्या भागात मोठमोठ्या नद्या गोडं पाणी आणून ओततात आणि महासागराचं खारं पाणी इथवर फारसं पोहोचत नाही. महासागरात किलोभर पाण्यात पस्तीसेक ग्रॅम मीठ असतं, इथे दोन ते चार ग्रॅम. त्यामुळे पाणी शून्याच्या जवळपासच गोठतं, आणि दर हिवाळ्यात गोठतंच. मी बर्फाचा एक तुकडा जिभेवर ठेवून पाहिला. खारटपणाचा मागमूस नव्हता.

गावाभोवतीच्या बर्फावरचा हिम बाजूला सारून नगरपालिका रुंद रस्ता करते. त्याला 'इसबाना' म्हणतात. एका बंदरातून निघून गावाला वळसा घालत दुसऱ्या बंदरात जाता येतं, आणि एक फाटा ग्रोशेलोरेन नावाच्या बेटाकडे जातो. चालणारे, स्केटवाले आणि 'स्पार्क'वाले, सगळ्यांची तिथे वर्दळ असते. स्पार्क म्हणजे लांब लोखंडी पट्ट्यांवर बसवलेली खुर्ची. मागे उभं राहून एक पाय पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने जमिनीला रेटा द्यायचा. स्वीडिशमध्ये स्पार्क म्हणजे लाथ. खुर्चीत पोरं बसतात, आज्या बसतात, बाजाराच्या पिशव्या बसतात. त्या दिवशी मैत्रिणीने मला त्या खुर्चीत बसवलं आणि माझा पाय न उचलण्याचा प्रश्नच मिटवून टाकला.

आणि मग तो आवाज आला. लांबून कुठूनतरी, ताणलेल्या तारेवर टिचकी मारावी तसा 'प्यूऽऽ' करत तो आमच्या खालून निघून गेला. मी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या. ती हसली नाही. थांबली, आणि तिने मला नीट समजावलं. थंडी वाढली-कमी झाली की बर्फ आक्रसतो, फुगतो, त्याला चिरा जातात. चिरेचा आवाज बर्फातून धावताना उंच स्वर आधी पोहोचतात, खालचे मागून येतात, म्हणून तो असा घसरत गेल्यासारखा ऐकू येतो. पातळ बर्फ वरच्या पट्टीत गातो, जाड बर्फ घुमतो. त्या दिवसापासून मी बर्फावर कानटोपीची एक बाजू वर दुमडूनच चालते. कान गारठतो, पण ऐकायला मिळतं.

फेब्रुवारीत तिने अट घातली: गावाबाहेरच्या बर्फावर यायचं असेल तर आधी पाण्यात पडायला शिकायचं. बर्फात करवतीने कापलेलं खोलीएवढं चौकोनी भोक, त्यात काळं पाणी. याला 'इसवाक' म्हणतात. अंगावर लोकरीचे आतले कपडे, वर नेहमीचे कपडे, पाठीवर सॅक, कमरेला दोरी. सॅकमध्ये कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेले असतात. ती हवाबंद पिशवी पाण्यात तरंगायलाही मदत करते, पण सॅकचा एक पट्टा पायांमधून घ्यावा लागतो, नाहीतर ती डोक्यावर चढते. गळ्यात 'इसडुब्बर', म्हणजे टोकाला खिळे असलेल्या दोन लाकडी मुठी, आणि एक शिट्टी.

शिकवणाऱ्याने उतरण्याआधी तीन आकडे पाठ करून घेतले: एक, दहा, एक. कॅनडातले संशोधक गॉर्डन गीझब्रेख्त यांनी मांडलेला हा हिशेब. श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे पाण्यात पडताक्षणी माणूस गारठून मरत नाही. पहिलं मिनिट घाबरून घालवलं तर मात्र पुढची दहा हाती लागत नाहीत.

मी उडी मारली. पाणी थंड आहे असं वाटलंच नाही, कोणीतरी छातीवर जोरात ठोसा मारल्यासारखं झालं. श्वास आत येत होता, बाहेर जाईना. काठावरून ती ओरडत होती, "सोड, श्वास सोड!" मी तोंडाने फुंकर मारल्यासारखा तो सोडला, पुन्हा सोडला. तिसऱ्या-चौथ्या वेळी छाती मोकळी झाली आणि एकदम सगळं स्पष्ट दिसायला लागलं: काठाची कड, तिच्यावरची ओल, माझे लाल हात. ज्या बाजूने आलो त्याच बाजूला वळायचं, कारण त्या बर्फाने आपल्याला पेललेलं असतं. काठावरचं पाणी हाताने सारायचं, खिळे बर्फात रोवायचे, पाय मागे आडवे करून बेडकासारखे मारायचे आणि पोटावर सरकत बाहेर यायचं. पहिल्यांदा खिळे निसटले. दुसऱ्यांदा रुतले. बाहेर आल्यावरही उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं. मी आभाळाकडे तोंड करून पडले होते, आणि माझ्या केसांचा बर्फ झालेला मला ऐकू येत होता, कुरकुर. मग सौना, म्हणजे तापवलेली लाकडी खोली, आणि पेलाभर गरम ब्लूबेरीचं सूप. इतकं चवदार काही मी त्या वर्षी खाल्लं-प्यायलं नाही.

मार्चमध्ये उजेड परतला. लुलेओसमोर १,३०० हून अधिक बेटं आहेत. त्यांतल्या एकावर स्कीने जायचं ठरलं. आम्ही पाच जण, दोघांमध्ये दहा-दहा मीटर अंतर, पुढे मैत्रीण 'इसपीक' घेऊन. ही टोकदार लोखंडी काठी. ती टोला मारी, ऐके, पुढे जाई. वाटेत एका जागी आम्ही बर्फाला गिरमिटाने भोक पाडलं आणि मोजपट्टी घातली: बासष्ट सेंटिमीटर. चालायला दहा सेंटिमीटर घट्ट, काचेसारखा बर्फ पुरेसा धरतात. वरचा पांढुरका, भिजलेल्या हिमाचा बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा. त्याच भोकात गळ सोडून तासभर बसलो आणि दोन पर्च मासे मिळाले.

बेट तीनेकशे मीटरवर राहिलं असेल. दोन भूशिरांमधल्या अरुंद वाटेत काठीचा आवाज बदलला, मलाही कळला. पुढच्या टोल्याला काठी आरपार गेली. तिच्याभोवतीचा हिम करडा होत गेला. अशा अरुंद जागी खालून प्रवाह वाहतो आणि बर्फाला जाड होऊ देत नाही, वरून हिमाची गोधडी ते लपवते. तिने नुसता हात वर केला. कोणी एक शब्द बोललं नाही. आपापल्या उमटलेल्या रेघांवरून आम्ही मागे फिरलो. समोर बेटावरची लाल झोपडी, तिचं दार, दारातला झाडूसुद्धा दिसत होता. मला त्या झोपडीपेक्षा तो वर गेलेला हात जास्त आठवतो.

एप्रिलच्या शेवटी इसबाना बंद झाला होता. काठाला लागलेला बर्फाचा एक ठोकळा मी उचलला. चांगला हातभर जाड, दिसायला भक्कम. उन्हाने वितळलेलं पाणी त्याच्या उभ्या स्फटिकांमधून झिरपून गेलेलं होतं. दोन्ही हातांनी जरासा दाबला, तर तो किणकिणत सुटा झाला आणि माझ्या हातमोज्यांत लांब, पारदर्शक काड्यांची मोळी उरली. बाहेर पाण्याची पहिली काळी पट्टी उघडली होती. गळ्यात इसडुब्बर अजून होतेच.