नवे मशीन, जुने ॲड-ऑन

अंध कर्मचाऱ्यांना संगणक शिकवणे हा माझा व्यवसाय आहे आणि मी स्वतःही अंध आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा सपोर्ट संपला, तेव्हापासून शिकवण्यापेक्षा अडकलेल्यांना सोडवण्याचेच काम अधिक येते. त्यांतले एका पगारदार पतसंस्थेतले प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

तेथील कर्ज विभागातल्या एका अंध लिपिकांचा सकाळीच फोन आला. "सर, मशीन बोलतच नाही. सगळे म्हणतात, चालू आहे." सुट्टीत सर्व जुनी मशीन उचलून विंडोज 11 ची नवी बसवली होती. मी त्यांना विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही बटणे एकत्र दाबायला सांगितली. त्याने विंडोजमधला नॅरेटर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, सुरू होतो, पण तरीही शांतता होती. अशा वेळी आवाज बंद नसतो, तो भलतीकडे गेलेला असतो. नवा मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला की विंडोज पुष्कळदा त्यालाच स्पीकर समजते, आणि मॉनिटरमध्ये स्पीकर नसेल तर स्क्रीन रीडर बोलत राहतो आणि ऐकायला कोणी नसते. यूएसबी हेडफोन जोडला की विंडोज सहसा आवाज तिकडे वळवते. मी तोच घेऊन गेलो आणि मशीन बोलू लागले. मशीन बसवणारा इंजिनिअर सभ्य होता, त्याच्या यादीतले प्रत्येक काम त्याने चोख केले होते; हे मशीन कोण वापरणार, हा प्रश्न मात्र त्या यादीत नव्हता.

खरी अडचण पुढे होती. कर्जाचे हप्ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये भरतात, त्यातल्या चौकटींना नावेच दिलेली नाहीत. डोळस माणसाला शेजारची अक्षरे दिसतात. स्क्रीन रीडरला मात्र नुसते "एडिट, एडिट, बटन" एवढेच मिळते. ही उणीव भरून काढण्यासाठी एका विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरचे एक छोटे ॲड-ऑन, म्हणजे त्याला जोडायचा पूरक प्रोग्राम, विनामूल्य लिहून दिले होते. प्रत्येक चौकटीचा क्रमांक ओळखून ते "खाते क्रमांक", "मुद्दल", "व्याज" असे सांगत असे. 2020 मध्ये आलेल्या एनव्हीडीए 2019.3 पासून सारे काही पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पायथन 2 या आवृत्तीवरून पायथन 3 वर गेले, तेव्हा हे ॲड-ऑन चालेनासे झाले, आणि तो विद्यार्थी तोवर दुसरीकडे नोकरीला लागला होता. लिपिकांनी मग 2019.2.1 हीच आवृत्ती जपून ठेवली आणि अद्ययावत करण्याची प्रत्येक सूचना नाकारली. ती आवृत्ती जुन्या मशीनसोबत पुसली गेली होती. सुदैवाने ॲड-ऑनची फाईल त्यांच्या ईमेलमध्ये सापडली.

ॲड-ऑन म्हणजे नाव बदललेली झिप फाईलच असते. ती उघडून आधी त्यातली "शेवटची तपासलेली आवृत्ती" ही नोंद मी बदलली. त्यामुळे नव्या एनव्हीडीएने ते बसवून घेतले, पण बोलले काहीच नाही. एनव्हीडीएच्या बटणासोबत एफ1 दाबले की लॉग, म्हणजे प्रोग्रामच्या घडामोडींची नोंद, उघडतो. त्यात या ॲड-ऑनचा उल्लेखसुद्धा नव्हता, म्हणजे ते चालूच झाले नव्हते. एनव्हीडीए अशा ॲड-ऑनला प्रोग्रामच्या फाईलच्या नावावरून ओळखतो, आणि पुरवठादाराने नव्या मशीनवर टाकताना त्याच प्रोग्रामच्या फाईलचे नाव बदलले होते. ते नवे नाव ॲड-ऑनमधल्या फाईलला दिल्यावर लॉगमध्ये चूक ओळीसकट दिसली. यादीतल्या नोंदी एकामागून एक घेण्याची पायथन 2 मधली आज्ञा पायथन 3 मध्ये काढून टाकलेली आहे. तेवढा शब्द बदलला आणि हेडफोनमध्ये "खाते क्रमांक" ऐकू आले, तेव्हा लिपिक काही न बोलता लगेच पहिले खाते भरू लागले. व्याजाची आणि दंडाची चौकट अजून चुकीची बोलत होती. त्यांचे क्रमांक बदलले होते, ते शोधण्यात दुपार गेली.

मधल्या वेळात व्यवस्थापक येऊन म्हणाले, "एवढी दगदग कशाला? तोवर ह्यांना टेलिफोनवर बसवू, हप्त्यांचं दुसरा कोणीतरी बघेल." त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, पण मला ते फार लागले. इतकी वर्षे कर्जाची खाती बिनचूक सांभाळणाऱ्या माणसाचे काम एका खरेदीच्या निर्णयाने जाऊ शकते, आणि ते जाणे कार्यालयात सर्वांना सोयीचेच वाटते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सपोर्ट संपणे म्हणजे डोळस कर्मचाऱ्यासाठी सुरक्षेचा प्रश्न असतो. आमच्याकडे विंडोज, स्क्रीन रीडर, ॲड-ऑन आणि कार्यालयीन सॉफ्टवेअर अशी साखळी असते, तिच्या प्रत्येक कडीची मुदत वेगळी असते, आणि अख्ख्या साखळीकडे लक्ष ठेवणे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

चौकटींना मुळातच नावे द्यावीत, असे मी पुरवठादाराला सविस्तर लिहिले आहे. उत्तर आलेले नाही. एनव्हीडीएच्या दरवर्षीच्या पहिल्या आवृत्तीत जुनी ॲड-ऑन बंद पडू शकतात. म्हणून नवी आवृत्ती घेण्याआधी मला कळवायचे, हे लिपिकांशी ठरले आहे, आणि चालणारी प्रत या वेळी पतसंस्थेच्या सर्व्हरवरही ठेवली आहे. तिची देखभाल कोणाकडे असावी, हे लेखी ठरवून द्या, असा अर्ज लिपिकांनी व्यवस्थापकांकडे दिला आहे.