चौकशीची खिडकी

नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी एस.टी. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत काढली. हुद्दा वाहतूक नियंत्रक, पण लोकांच्या लेखी मी चौकशीवाला. जाळीला एक हात आत जाईल एवढं भोक होतं आणि त्यातून दिवसभर प्रश्न येत. गाडीचे निम्मे, बाकीचे कशाचेही. कोर्ट इथून किती दूर? अमावास्या आज लागते की उद्या? पाचशेचे सुटे आहेत का? एकदा एका म्हातारीनं विचारलं, "साहेब, माही सून कोन्त्या गाडीनं गेली?" पुढं रांग होती, मी मान हलवून तिला बाजूला केलं. सून कशी दिसते, एवढं तरी विचारायला हवं होतं.

माझी उत्तरं ठरलेली होती. "लागली की सांगतो." "बोर्डावर पाहा." "मागं सरका." या तीन उत्तरांवर अकरा वर्षं निघाली, आणि पगारही निघाला.

आता निवृत्त होऊन गावी आहे, दारव्हा तालुक्यात. टोंगळ्यांनी, म्हणजे गुडघ्यांनी, संप पुकारल्यापासून वावरात जाणं कमी झालं. नागपूरच्या मुलीनं मोबाइलवर एक जागा उघडून दिली, जिथं माणसं प्रश्न टाकतात आणि ज्याला येईल तो उत्तर देतो. पैसे कोणाला नाहीत. "बाबा, तुमचा अनुभव आहे," असं ती म्हणाली. थट्टा होती की काय, कळलं नाही. पण मी बसलो तो बसलोच. घरात रेंज नाही, घरामागच्या चिंचेखाली दोन कांड्या येतात. म्हणून तिथंच प्लास्टिकची खुर्ची टाकली. आमच्या घरच्यांचं मत असं, "पगार होता तवा तोंड उघडत नोते, आता फुकटात राती दहा-दहा वाजतरोक बोलून रायले."

बोलणं खरं आहे. आणि हा उद्योग करणारा मी एकटा नाही. इंग्रजीत याहूचं असं प्रश्नोत्तरांचं दुकान २००५ पासून चाललं, ४ मे २०२१ ला बंद झालं. इंग्रजी विकिपीडियावरही वाचकांच्या प्रश्नांसाठी टेबलं मांडलेली आहेत. गणिताचं वेगळं, भाषेचं वेगळं, विज्ञानाचं वेगळं, आणि एक किरकोळ प्रश्नांचं. उत्तरं देणारे सगळे हौशी. तिथले नियमही मला पटले. आजारावर सल्ला नाही, कोर्टकचेरीवर सल्ला नाही, आणि शाळेचा गृहपाठ करून मिळणार नाही. खिडकीत असताना ही पाटी मला मिळाली असती तर काय पाहिजे होतं! पण जीव जडला तो त्या किरकोळच्या टेबलावर. आमच्या भोकातून येणारं सगळं त्यातलंच.

पहिल्या महिन्यात एक गोष्ट ध्यानात आली. सोप्या प्रश्नावर लोक तुटून पडतात. कोणी विचारलं, एस.टी.ची पहिली गाडी कुठून कुठे गेली? १ जून १९४८, पुणे ते अहमदनगर. मला पाठ आहे, तरी चष्मा पुसून टाइप करेपर्यंत नऊ जणांनी लिहून टाकलं होतं. दहावं उत्तर माझं. कोणाला हवं होतं ते? पण पानठेल्यावर तरी वेगळं काय होतं? रस्ता विचारणारा एक आणि हात दाखवणारे सहा, त्यातले दोघे उलट्या बाजूला.

पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, सांबारवडीच्या सांबाराला डाळ तुरीची घ्यावी की मुगाची? हा प्रश्न मात्र माझाच होता. मी लिहिलं, ताई, आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर. बाजारात दहाचा सांबार मागा, जुडी हातात येते. चिरून, खसखस-खोबऱ्यासोबत परतून, बेसनाच्या पोळीत भरायची आणि तळायची, तुमच्याकडं तिला पुडाची वडी म्हणत असतील. त्यांचं उत्तर आलं, "अहो, मी डाळ शिजायला टाकलीसुद्धा!" आमच्या घरच्यांनी हे ऐकून पदर तोंडाला लावला, आणि मग वडीत तीळही घालतात ते लिहा म्हणून मागं लागल्या. मी लिहिलं. लगेच अमरावतीच्या एकानं तिळाला हरकत घेतली, तो वाद अजून मिटलेला नाही.

एकानं विचारलं, मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणाऱ्या शकुंतलेची वेळ काय? शकुंतला म्हणजे आमची छोट्या रुळांची गाडी, इंग्रज कंपनीनं कापसासाठी टाकलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. मी सवयीनं लिहिणार होतो, 'गाडी बंद आहे.' चौकशीला एवढं उत्तर पुरतं. पण रात्रीचे नऊ झाले होते, मागं रांग नव्हती. म्हणून विचारलं, कुठं जायचं होतं? तो म्हणाला, जायचं कुठंच नाही, आजोबा दारव्हा मोतीबागला उतरायचे असं वडील सांगतात, तेव्हा गाडी किती वाजता येत असेल? मग सांगत बसलो. गाडीची वेळ काही छापील असायची आणि काही खरी, हेही सांगितलं. आपण वेळ सांगतो आणि माणसाला हवं असतं दुसरंच. अकरा वर्षं मी रांगेकडं पाहून उत्तरं दिली, माणसाकडं पाहून नाही. रांग नसली की बुद्धी येते बहुतेक.

सगळीच उत्तरं अशी गोड नाहीत. मागच्या सप्टेंबरात एका पोरानं लिहिलं, फवारणी करून आलो, डोळे जळतात, मळमळते, काय करू? खाली उत्तरं पडायला लागली होती. एकाचं लिंबूपाणी, दुसऱ्याचं उलटी काढा, तिसऱ्याचं गूळ खा. माझं डोकं फिरलं. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, तोंडाला फडकं नाही, पाठीवर पंप. आणि आम्ही त्या विषाला म्हणतो 'औषध'. तेव्हा ते विकिपीडियावाल्यांचं 'आजारावर सल्ला नाही' मला जास्तच कळलं. तरी गप्प बसवेना. लिहिलं, कपडे काढ, साबणानं अंग धू, औषधाचा डबा सोबत घे आणि आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जा, गाडी नसेल तर १०८ ला फोन लाव. पुन्हा लिहिलं, गेला का? तासाभरानं पुन्हा. उत्तर आलं नाही, ते अजून आलेलं नाही. खिडकीत निदान माणूस फलाटाकडं जाताना तरी दिसायचा.

पण ज्या प्रश्नापायी हे सगळं लिहायला घेतलं, तो वेगळाच. चिंचेची पानं रात्री का मिटतात? दोन दिवस तो तसाच पडून होता, कोणी हात लावला नव्हता. आणि मी खुर्ची टाकून बसलो होतो तो चिंचेखाली! पन्नास वर्षं ते झाड आमचं. चिंचा खाल्ल्या, चिगुर खाल्ला, शाळेत जायचं नसलं की वर चढून बसलो. पानं मिटतात हे मला ठाऊक नव्हतं. बॅटरी घेऊन उठलो, डहाळी खाली ओढली. खरंच, सगळी पानोळी जोडीजोडीनं एकमेकींना चिकटलेली. घरातून आवाज आला, "इतक्या राती चिंचीखाली बॅटरी घेऊन काय शोधून रायले बाप्पा?"

मग शोधाशोध केली. पानोळीच्या बुडाशी बारीकशी गाठ असते, तिच्यातल्या पेशींत पाणी भरलं की पान उघडतं, ओसरलं की मिटतं. हे उजेडामुळं होतं असं वाटेल, पण १७२९ साली द मेराँ नावाच्या फ्रेंच माणसानं लाजाळूसारखं एक झाड अंधाऱ्या जागी ठेवून पाहिलं, तरी त्याची पानं दिवसा उघडायची आणि रात्री मिटायची. म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच. हे सगळं नीट लिहून पाठवलं, आयुष्यातलं सगळ्यात मोठं उत्तर. माझी माय दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू द्यायची नाही, झोपलं आहे म्हणायची, तेही शेवटी टाकलं.

सकाळी उत्तर आलं. विचारणारी पोरगी पाचवीतली निघाली, बापाच्या मोबाइलवरून लिहीत होती. "काका, तुम्ही बॅटरी लावली तेव्हा ते जागं झालं का?"

आज चौथा दिवस आहे. रात्री खुर्चीवर बसतो, वर पाहतो, बॅटरी लावावी की नाही ठरत नाही.