जपानच्या कूळकायद्यातली एक तारीख

करवीर तालुक्यात तलाठी म्हणून माझी सारी नोकरी झाली. त्यामुळे कुठल्याही देशाचा इतिहास वाचायला घेतला की जमिनीचं काय झालं, हे मी आधी बघतो.

१९४५ मध्ये हरलेल्या जपानवर अमेरिकी फौजेचा ताबा आला. जर्मनीत चार विजेत्यांनी आपापला लष्करी कारभार बसवला, जपानात मात्र मंत्रिमंडळ, खाती आणि कारकून जागेवरच राहिले. हुकूम अमेरिकी सेनापती मॅकआर्थरचा, अंमलबजावणी जपान्यांची. नवी राज्यघटना ३ मे १९४७ ला लागू झाली, त्याआधीच्या वर्षी बायकांनी पहिल्यांदा मत दिलं आणि ३९ जणी संसदेवर निवडून आल्या. हे सगळं मोठंच. पण राज्य खरं बदललं ते गावात, असं माझं ठाम मत आहे.

तिथली जवळपास निम्मी शेतजमीन कुळं कसत होती. सरकारने स्वतः आणलेला पहिला कायदा मवाळ होता. अमेरिकनांच्या दबावाने ऑक्टोबर १९४६ मध्ये दुसरा आला. गावाबाहेर राहणाऱ्या मालकाची कुळाकडची सगळी जमीन सरकारने विकत घ्यायची. गावातल्या मालकाला खंडाने देण्यापुरती एक चो, म्हणजे साधारण अडीच एकर ठेवता येईल, उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर चार चो. बाकीची कसणाऱ्याला विकायची.

दरम्यान मालकांनी कुळांना उठवायला सुरुवात केली होतीच. म्हणून कायद्याने मागची तारीख धरली. २३ नोव्हेंबर १९४५ ला जमीन कोणाकडे होती, ते बघायचं. ही तारीख वाचली आणि मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो. आपल्याकडे कृषक दिन, म्हणजे कूळ कसत्या जमिनीचं मालक मानलं गेलं तो दिवस, १ एप्रिल १९५७ चा, पण स्वतः कसायला जमीन हवी म्हणून नोटीस द्यायला मालकाला ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत मुभा होती. ‘कुळाने स्वखुशीने कब्जा सोडला’ असे जुने फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदी, मी वाचलेत. त्याखालचे अंगठे कुणाचे आणि कसे उमटले असतील, हे गावात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट समितीची. जपानात गावोगावी दहा जणांची समिती असे. पाच कुळं, तीन जमीनमालक, दोन स्वतःची जमीन कसणारे, आणि ज्याने त्याने आपल्यातलेच निवडायचे. कुळांचीच संख्या सर्वांत जास्त! आमच्या कूळकायद्यातल्या कलम ३२-गच्या, म्हणजे कुळाला जमीन विकत देण्याच्या चौकशा तालुक्याच्या कचेरीत चालायच्या. कूळ भाकरी बांधून एसटीने यायचं आणि पुढची तारीख घेऊन जायचं.

जपानात भाव जुने ठरले आणि महागाई भडकली, त्यामुळे मालकांच्या हाती कवडीमोल आलं. त्यात लहान मालकही भरडले गेले, त्याचं मला वाईट वाटतं. डोंगरातलं जंगल तर या कायद्यातून सुटलंच. तरी १९५० पर्यंत कुळांकडची जमीन दहा टक्क्यांच्या आसपास उरली.

२८ एप्रिल १९५२ ला परक्यांचा ताबा संपला. जमीन परत मागायला मालकांना मोकळं रान होतं. त्याच वर्षी स्वतंत्र जपानच्या संसदेने नवा शेतजमीन कायदा केला आणि कुळांना मिळालेली जमीन त्यांच्याकडेच कायम ठेवली.