माया सोडलेली

पुतळ्याला गाऊन घालायचा नसतो, गाऊनला पुतळा घालायचा असतो. हे सांगितलं की लोक हसतात, पण संग्रहालयात जुने कपडे सांभाळून मांडणाऱ्या आमच्यासारख्यांचं निम्मं काम तेच. जुन्या रेशमाला ताण सोसत नाही. म्हणून पुतळा मुद्दाम बारीक घ्यायचा आणि त्यावर पॉलिएस्टर वॉडिंगचे, म्हणजे कापसासारख्या मऊ भरावाचे, थर टाक्यांनी चढवत तो कपडा घालणाऱ्या बाईच्या अंगाएवढा करायचा. एक खांदा उतरता होता का, पाठीला बाक होता का, हे कपडाच सांगतो.

लग्नाच्या गाऊनचं प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी शेवटचा एक राहिला होता. १९५० च्या दशकातला, रेशमी डचेस सॅटिन या जाड, चमकदार कापडाचा, सगळा हातशिलाईचा. शेजारी वधूचा मोठा फोटो लागणार होता, त्यात मुठीत मावेलशी कंबर. मी थर चढवत गेले आणि गाऊन मागतच राहिला. शेवटी अस्तर उचलून आत पाहिलं.

असा गाऊन आतूनच बघावा. ऑर्गन्झा या पातळ, ताठ कापडाचा थर, ताठपणासाठी घातलेल्या पट्ट्या, आणि कंबरेला हुकांनी आवळायची ग्रोग्रेनची, म्हणजे आडव्या रेघांच्या घट्ट विणीची, रिबीन. घेराचं सगळं ओझं ही रिबीन पेलते, खांद्यावर काही येत नाही. पाहणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. त्या रिबिनीवरचे हूक सरकवलेले होते आणि बाजूच्या दोन्ही शिवणींतली माया, म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, सोडलेली होती. प्रत्येक बाजूला दीड इंच, म्हणजे कंबरेच्या मापात तीन इंच. सॅटिनमध्ये सुईचं भोक पडलं की बुजत नाही, त्यामुळे जुन्या शिवणीची ठिपक्यांची रेघ बाहेरूनही दिसत होती. मूळचे टाके मोजायला भिंग लागावं इतके बारीक. हे नंतरचे लांब, घाईचे, दुहेरी दोऱ्याचे.

क्युरेटरना दाखवलं तर त्यांचा चेहरा पडला. “फोटोत बघा ना, कंबर केवढीशी आहे! जुन्या रेघेवर आत घ्या.” मी नाही म्हटलं. कपड्याचा इतिहास आपल्या सोयीने शिवायचा नसतो. आणि गाऊन पुन्हा वापरला, वाढवला, यात लाज कसली? व्हिक्टोरिया राणीनेही १८४० च्या लग्नातली होनिटन लेस, ही इंग्लंडमधली हातविणीची लेस, पुढे अनेकदा अंगावर घेतली. तासभर वाद झाला. तडजोड अशी की गाऊनला हात लावायचा नाही, पण ठिपके जास्त दिसणारी बाजू भिंतीकडे करायची. पाटीवर फॅशन हाउसचं नाव, कापड आणि साल. शिवणाऱ्या हातांना पाटीवर जागा नसते. पॅरिसच्या कार्यशाळांत त्यांना ‘पेतीत मँ’ म्हणतात, म्हणजे छोटे हात; नाव मात्र १८५८ मध्ये तिथे फॅशन हाउस सुरू करणाऱ्या चार्ल्स वर्थसारख्याचं राहतं.

स्थिती-अहवालात मी लिहिलं: ‘दोन्ही शिवणी नंतर सोडलेल्या, काम घरगुती हातचं.’ सही केली, दिवे जुन्या रेशमाला सोसतील इतके मंद, ५० लक्सवर, आणले आणि घरी गेले.

परवा रात्री अहवालाला जोडायचे फोटो मोठे करून बघत होते. त्या घाईच्या शिवणीवर अस्तर परत बसवताना घातलेले तिरके टाके उलट्या बाजूला कललेले. म्हणजे डावखुऱ्या हाताचे. मग सहज खालच्या काठाचा फोटो उघडला. तिथले टाके मूळचे, अगदी बारीक, आणि तेही तसेच उलटे कललेले.

डावखुऱ्या बायका दोन असू शकतात, मान्य. पण एकच असेल तर ‘घरगुती’ हा शब्द चुकला. मग माया लग्नानंतर कधीतरी सोडली, की लग्नाच्या आदल्या रात्री, त्याच कार्यशाळेत? वधूचा फोटो समोरून काढलेला आहे, बाजूच्या शिवणी हाताखाली झाकल्या आहेत. एवढ्या फुगीर घेरावर कुठलीही कंबर बारीकच दिसते. म्हणजे ज्या ‘मूळ’ मापासाठी आम्ही भांडलो, ते तिने अंगावर कधी घातलंच नसेल.

खात्री करायची तर गाऊन उतरवून दोन्ही टाके भिंगाखाली शेजारी शेजारी धरायला हवेत. प्रदर्शन चार महिने आहे, तोवर त्याला हात लावता येणार नाही. क्युरेटरना अजून सांगितलेलं नाही. काल दालनात एक बाई काचेला नाक लावून भिंतीकडची बाजू बघायचा प्रयत्न करत होत्या. रखवालदाराने त्यांना मागे व्हायला सांगितलं.