आज आईचं कपाट उघडलं

आईला जाऊन चार महिने झाले. आज कपाट आवरायला घेतलं आणि तिच्या स्वेटरच्या खिशात वेलदोडा सापडला, सालीसकट, अर्धा कुरतडलेला. खोकल्याची उबळ आली की ती तो दाढेखाली धरायची.

रडू आलं नाही. दात मात्र इतके घट्ट आवळले गेले की कानशिलं ठणकायला लागली.

तिथेच, साड्यांच्या ढिगाशेजारी फरशीवर बसले आणि भ्रामरी प्राणायाम सुरू केला. अंगठ्यांनी कान बंद, नाकाने श्वास आत, सोडताना मिटल्या ओठांनी लांबलचक गुंजारव. खरं काम त्या सोडण्यातच आहे. उच्छ्वास लांबला की मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमार्फत, म्हणजे एका मज्जातंतूमार्फत, हृदयाचे ठोके मंदावतात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली, ती योगातल्या अशाच गोष्टी प्रयोगशाळेत तपासण्यासाठी.

सहाव्या की सातव्या आवर्तनाला आवाज फाटला. गुंजारवाचा हुंदका झाला. मी थांबवला नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण 'सावर गं आता' म्हणत होता आणि मी चार महिने नुसती सावरतच होते. आज पहिल्यांदा पोटापासून रडले. जबडा सैल पडला, तळहातांना घाम आला, मग हळूहळू अंग हलकं झालं. दुःख आहे तेवढंच आहे, पण घशात अडकलेलं काहीतरी खाली उतरलं.

दोन साड्या मावशीसाठी बाजूला काढल्या. वेलदोडा परत त्याच खिशात ठेवला. स्वेटर कुणाला द्यायचा नाही.

बाकीचं कपाट पुढच्या रविवारी.