फडक्यातली मटकी

रविवार, दुपार

काल रात्री नाशिकहून आले, बॅग दारातच ठेवली आणि आधी ओट्यापाशी गेले. कोपऱ्यातल्या पातेल्यात, फडक्यात बांधलेली मटकी होती तशीच. गाठसुद्धा मी मारलेलीच. सोडली तर मोड बोटभर वाढलेले, एकमेकांत गुंतलेले, बुळबुळीत, आणि आंबूस वास. पावसाळ्यात मोड पटकन येतात, पण वेळेवर धुऊन निथळत ठेवले नाहीत तर तितक्याच पटकन वास धरतात. टाकून दिली. फडकं धुताना रडू आलं. कोणाला कळू नये म्हणून नळ मोठा सोडला.

फ्रिजवर आठवड्याच्या जेवणाचा तक्ता लावून गेले होते. मटकी बांधलेली आहे, कांदा-खोबऱ्याचं वाटण फ्रीजरमधल्या निळ्या झाकणाच्या डब्यात आहे, फक्त फोडणीला टाकायची, एवढं सगळं लिहिलं होतं. निखिल म्हणाला, "अगं, आमचं छान झालं, तू कशाला काळजी करतेस?" एक दिवस खिचडी, एक दिवस खालच्या गाडीवरचं अंडा-पाव, एक दिवस आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पिठलं टाकलं. उपाशी कोणीच राहिलं नाही. धाकटा तर म्हणाला, मज्जा आली. आली असेलच.

मग मला नेमकं लागलं काय? पिठलं-खिचडी खाल्ली याचं नाही. अंडा-पाव मलाही आवडतो. लागलं ते हे, की तक्त्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. दिवसातून पन्नास वेळा फ्रिज उघडतात. दार डोळ्यांसमोर येतं.

तो तक्ता म्हणजे नुसती पदार्थांची नावं नसतात, हे मी घरात कधी बोलून दाखवलेलं नाही. पालेभाज्या आठवड्याच्या सुरुवातीला, कारण पावसात मेथी-पालक चिखलाने भरलेले येतात आणि दोन दिवसांत सडतात. लाल भोपळा, सुरण, कोबी शेवटी. आईंचा सोमवार, म्हणून त्या दिवशी त्यांच्यासाठी वरी आणि दाण्याची आमटी. ईशाचा क्लास मंगळवारी उशिरा सुटतो, आल्या आल्या तिला जेवायला लागतं, म्हणून त्या दिवशी फक्त गरम करण्यासारखं काहीतरी. निखिलचा गुरुवार उशिराचा, लोकलचा मेगाब्लॉक असला तर रविवारसुद्धा. कडवे वाल करायचे तर एक रात्र भिजत, मग निदान एक दिवस बांधून, मग कोमट पाण्यात टाकून सोलत बसायचं. म्हणजे शनिवारच्या बिरड्याचा विचार गुरुवारी करावा लागतो. लोकलमध्ये उभी असताना माझ्या डोक्यात हेच चाललेलं असतं. अंधेरी गेलं तरी माझा बुधवार ठरलेला नसतो.

माझी आई कधी तक्ता करायची नाही. गिरगावातल्या त्या दोन खोल्यांत बाबांचा डबा सकाळी नऊच्या आत दारात तयार लागायचा, डबेवाले थांबत नसत. मुंबईत डबे पोहोचवण्याचं हे काम १८९० पासून चालू आहे. झाकणावरच्या खुणांवरून डबा कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर न्यायचा, हे कळतं. बोरीबंदरच्या गर्दीतून तो बाबांच्या टेबलापर्यंत बरोबर पोहोचायचा. परदेशातल्या मॅनेजमेंटच्या वर्गांतही हे शिकवतात, आणि शिकवावंच, त्या माणसांचं कामच तसं आहे. पण डब्यात आज काय घालायचं हे आदल्या रात्री गादीवर पडल्या पडल्या ठरवणाऱ्या बाईचं कोणी काही विचारलंय का? मीही आईला कधी विचारलं नाही. संध्याकाळी रिकामा डबा घासताना ती आधी उघडून बघायची, काही उरलंय का. एवढंच आठवतं.



आईंनी तरी गाठ सोडायला हवी होती, असं सकाळी क्षणभर मनात आलं. पण त्यांचे गुडघे, आणि त्यात त्यांनी पिठलं केलं. जाऊ दे.

मघाशी स्टेशनवर गेले होते. बाहेर आरे कॉलनीतल्या पाड्यांवरच्या बायका कर्टोली, ती पावसाळी रानभाजी, घेऊन बसल्या होत्या. वर्षातून थोडेच दिवस मिळतात, महाग होती, तरी घेतली. कोवळी, हिरवीगार, काटे अजून मऊ. हातात घेतल्यावर लगेच डोक्यात सुरू झालं, काचऱ्या करू, डब्याला देता येतील, आईंनाही चावतील. मासळी बाजारात काही अर्थ नव्हता. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटी बंद, मग सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घेतले. रात्री सोडे घालून वांगं करीन. तेव्हा जाणवलं की मला हे आवडतं. कोणी बघो न बघो, कर्टोली बघून माझा जीव सुखावतो आणि ती कोणाच्या ताटात जातील हे मला आधी दिसतं. म्हणून कालचं दुखायचं थांबलं असं नाही. दुखतंय. पण मला तक्ता सोडायचा नाहीये.

फक्त बुधवार मी त्यांना देऊन टाकला. जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, बुधवारी रात्री काय, ते तुम्ही ठरवायचं, सामान तुम्ही आणायचं, करायचंही तुम्हीच, मी फक्त जेवायला बसणार. निखिलने "हो, त्यात काय" म्हटलं. आता बाहेरच्या खोलीत चर्चा चालू आहे. तो म्हणतो थालीपीठ, ईशा म्हणते थालीपीठ थापणार कोण, धाकट्याला पावभाजी हवी, आई म्हणतायत बुधवारी पाव आणाल तर घरातली भाकरीची पिठं कधी संपायची. पावभाजीला बटाटे किती लागतात, असं मधूनच कोणीतरी मला ओरडून विचारतंय. अर्धा तास झाला, ठरलेलं नाही.

मी उत्तर दिलेलं नाही. बुधवारचा रकाना तसाच सोडून गुरुवार लिहायला घेतला. लाल भोपळा, आणि निखिलसाठी वरण वेगळं काढून ठेवायचं.